पन्नास केबीचा चेहरा

४ नोव्हेंबर २०२५, मंगळवार

आज कोंडाजीअण्णा स्वतः वर आले. लिफ्ट बंद असताना तीन मजले चढून येणारा माणूस एकतर दुःखात असतो, नाहीतर काम लादायला आलेला असतो. अण्णांना दुःख माहीत नाही.

अण्णा आमच्या समाजाच्या वधू-वर समितीचे अध्यक्ष. गंगापूर रोडला त्यांचं लग्नाचं लॉन्स आहे. म्हणजे मच्छरदाण्या विकणाऱ्यानेच डास पाळायची समिती चालवायची, तसं.

इतकी वर्षं समितीची छापील सूची निघायची. यंदा ॲप. लग्नाळू मुलं-मुली दोन हजार एकशे चाळीस, प्रत्येकाचे तीन फोटो, एकूण एकतीस जीबी. पुण्याच्या ॲपवाल्याने कळवलंय, एक फोटो पन्नास केबीच्या वर घेणार नाही.

"प्रतिभाताई, तुम्ही प्रेसमध्ये फोटोवरच होतात ना? जरा दाबून द्या."

सातपूरच्या प्रेसमध्ये मी चोवीस वर्षं फोटो नीट करत होते. द्राक्षाच्या पेट्यांवर जी टपोरी द्राक्षं दिसायची, तशी कुठल्याच वेलीला कधी लागली नाहीत. ती माझ्या माउसला लागायची. प्रेस बंद पडलं, माझी कला अण्णांच्या लक्षात राहिली.

मी बावन्न वर्षांची, बिनलग्नाची. याच समितीच्या सूचीत तीन वेळा छापून आले आणि तिन्ही वेळा शिल्लक राहिले. आता त्याच समितीसाठी इतरांचे चेहरे दाबायचे. मी हो म्हणाले. का म्हणाले ते उद्या विचार करून लिहीन.

६ नोव्हेंबर, गुरुवार

विचार केला नाही. फोटो बघितले.

मुलगा कोपऱ्यात, मधोमध गाडी. मुलगा पायरीवर, वर दोन मजली बंगला. मुलगा ट्रॅक्टरवर, आणि चेहरा ट्रॅक्टरच्या सावलीत. एकाने तर भावाच्या लग्नातला चाळीस माणसांचा फोटो पाठवून खाली लिहिलंय, "लाल शर्टवाला." लाल शर्टवाले तिघे आहेत. मुली बहुधा स्टुडिओत, मागे परदेशातला धबधबा. एकीने आधार कार्डाचाच फोटो दिलाय. या बाईबद्दल मला आदर वाटला. आधारवरचा फोटो दाखवून लग्नाला उभं राहायला छाती लागते.

लांबी-रुंदी कमी केली, क्वालिटी साठवर आणली, तरी एकेक फोटो ऐंशी ते एकशेदहा केबी. तिसावर आणली तर पन्नासात बसतो, पण चेहरा फरशी बसवल्यासारखा चौकोनी-चौकोनी फुटतो. म्हणजे सगळ्याच फोटोंवर एकच वरवंटा फिरवून भागणार नाही. फोटोतलं काय राखायचं आणि काय सोडायचं, ते ठरवावं लागेल. आणि ठरवायचं म्हटलं की समिती आली.

९ नोव्हेंबर, रविवार

लॉन्सच्या ऑफिसात बैठक. मी लॅपटॉप घेऊन गेले आणि सात पुरुषांना समजावलं.

"पन्नास केबी म्हणजे एक पिशवी समजा. तिच्यात एकतर चेहरा नीट मावतो, नाहीतर मागचं सगळं. झाडं, फुलं, गेटची नक्षी, गाडीची जाळी, हे बारीक काम जागा खातं. मोकळी भिंत जवळपास काहीच खात नाही. तर आपण मागचं पुसट करू. चेहरा जसाच्या तसा राहील."

सचिव रविराज बँकेत आहे, शंका काढण्याची त्याला सवयच आहे. "म्हणजे मागची गाडी दिसणार नाही?"

"दिसेल. कुठली ते कळणार नाही."

एकाने खिशातली गाडीची किल्ली चाचपून बघितली.

अण्णांनी घसा साफ केला. "ताई, कसंय, चेहरा बघायला माणसं घरी जातातच. पण गाडी-बंगलाच दिसला नाही तर घरी जातील कशाला?"

"आणि घरी गेल्यावर बंगला नसला तर?"

"तोवर पोहे खाऊन झालेले असतात," रविराज म्हणाला. सगळे हसले. हसले म्हणजे ठराव पास.

ठराव असा: मागच्या देखाव्याला हात लावू नये. चेहऱ्याचं काय करायचं ते ताईंनी बघावं. वर अण्णांची पुरवणी: "करताच आहात तर जरा उजळ पण करा. सगळ्यांचेच करा, भेदभाव नको."

आमच्या समाजात समता आली ती अशी.

मी आठ मिनिटं भांडले आणि मग हो म्हणाले. मी सांगितलं, त्यांनी ऐकलं नाही, माझी जबाबदारी संपली. रिक्षात हे स्वतःला तीनदा सांगितलं. एकदा पुरलं नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

जमलं! राग बाजूला ठेवून लिहिते, काम देखणं झालंय.

आधी प्रोग्रामने फोटोतला चेहरा शोधायचा. मग तेवढाच भाग गुळगुळीत करायचा. कातडीवरची छिद्रं, पुरळ, ओठांवरची लव, डोळ्यांखालच्या रेषा, हे सगळं जागा खात असतं. ते पुसलं की एका चेहऱ्यामागे वीसेक केबी सुटतात. त्या वाचलेल्या जागेत गाडीची नंबर प्लेटसुद्धा स्पष्ट वाचता येते. मग उजळपणा वाढवायचा, मग आकार कमी करायचा, मग सेव्ह. दोन-तीन फोटोंवर बसवून घेतलं आणि सगळा फोल्डर सोडून दिला. सहा हजार चारशे वीस फोटो सव्वातीन तासांत झाले. एकही पन्नासच्या वर नाही.

प्रेसमधला आमचा फोरमन म्हणायचा, बॅच लावली की चहा प्यायला जायचं नाही, बघत बसायचं. मी तीन वेळा चहा प्याले.

१२ नोव्हेंबर, बुधवार

तपासणी. प्रेसची पद्धत अशी की दर पन्नासावा नग काढून बघायचा. इथे दर पन्नासाव्या नावाचा पहिला फोटो. पन्नास, शंभर, दीडशे. एक यादी करायची, मूळ फोटो आणि नवा फोटो शेजारी लावायचा, ठीक असेल तर खूण.

बरे होते. मेणाचे झालेत सगळे, पण बरे होते.

अकराशे पन्नास नंबरला नाव आलं, तेजल सावळीराम, मखमलाबाद. म्हणजे मीनाची पोरगी. मूळ फोटो नऊ एमबीचा. मीना शाळेतही वहीला दोन-दोन कव्हरं घालायची, तिची पोरगी नऊ एमबीच पाठवणार. तो उघडला नाही. मीनाचं नाक पुढच्या पिढीत कसं उतरलंय ते बघायची आज हौस नव्हती. "ठीक" म्हणून खूण केली आणि बाराशेवर गेले.

मीना सातवीपासून माझ्या बाकावर. पुढे सावळीराम मला बघायला आला, आणि लग्न केलं मीनाशी. याला एकोणतीस वर्षं झाली. या कामाशी त्याचा काही संबंध नाही. नाव दिसलं म्हणून लिहिलं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

ॲप सुरू झालं. अण्णांचा फोन: "ताई, काय पोरी दिसतात हो! समाजात एवढ्या देखण्या पोरी आहेत हे आम्हालाच माहीत नव्हतं."

नसणारच. आज सकाळपर्यंत नव्हत्या.

ॲपचा नियम असा की मुलींना फक्त मुलांचे फोटो दिसतात आणि मुलांना मुलींचे. स्वतःचा फोटो कुणालाच दिसत नाही. आपण कसे दिसतो ते समोरच्याने सांगायचं. समितीने नकळत शहाणपणाचं एक काम केलंय असं तेव्हा वाटलं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी रविराजचा फोन. काल सिन्नरहून एक स्थळ मखमलाबादला मुलगी बघायला गेलं. मुलगा अमित, तिथल्या एमआयडीसीत नोकरीला. आई अक्काबाई, आणि जीपमध्ये मावतील तेवढे नातेवाईक. मुलगी समोर आली. अक्काबाईंनी मुलीकडे बघितलं, मोबाइलकडे बघितलं, पुन्हा मुलीकडे बघितलं.

मुलीच्या ओठाच्या डाव्या कडेपासून हनुवटीपर्यंत कोड आहे. ॲपवरच्या फोटोत नाही.

"लपवलं!" म्हणून अक्काबाई उठल्या. पोहे तसेच राहिले. जीप सिन्नरला पोचायच्या आत समाजाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोस्ट पोचली: "मखमलाबादची मुलगी. फोटोत फसवणूक. सावध राहा." खाली नाव, नंबर, आणि ॲपमधला तो फोटो. एकशेबारा जणांनी हात जोडलेले दाखवले. कशाला हात जोडले ते त्यांचं त्यांना ठाऊक.

"ताई, नंबर अकराशे पन्नास," रविराज म्हणाला. "तुमच्याकडे मूळ फोटो असेल ना?"

मी म्हणाले, बघते. फोन ठेवला. मग बघितलं.

गुलाबाच्या वाफ्यात उभी आहे. उन्हाला तोंड करून. तोंड किंचित डावीकडे वळवलंय, म्हणजे डाग नीट दिसावा. मुद्दाम वळवलंय. एकेक ठिपका मोजता येतो. नऊ एमबी कशाला पाठवले होते ते कळलं.

नवा फोटो शेजारी लावला. गुलाब टवटवीत. ठिपके गेले होते गुळगुळीत करण्यात, मोठा डाग गेला होता उजळपणात. भोवतीची कातडीच डागाएवढी पांढरी झाली होती.

२६ नोव्हेंबर, बुधवार

तिघं घरी आले. मीना, सावळीराम, आणि पोरगी.

मीना जाड झालीय. सावळीराम उंबऱ्यावर चपला काढून भिंतीला टेकून उभा राहिला. खुर्ची दिली तरी बसला नाही. त्याला पूर्वीही कुठे बसावं ते चटकन ठरवता यायचं नाही.

"तू केलंस ना हे?" मीना आल्या आल्या म्हणाली.

"मशीनने केलं. सगळ्यांचंच झालंय. मीना, सहा हजार फोटो—"

"सहा हजारांना कुणी फसवी म्हटलंय का? माझ्या पोरीला म्हटलंय. काल मार्केटला गुलाबाच्या जुड्या उतरवत होतो, तर ती शेवंतीवाली अंबूबाई मला विचारते, काय गं, पावडर लावून फोटो काढला होता का?"

"आई, थांब," पोरगी म्हणाली. सत्तावीस वर्षांची, सातपूरला एका कंपनीत तयार माल तपासून पास-नापास करते. बसली, फोन काढला, मला दाखवला. मूळ फोटो, पाठवल्याची तारीख, खाली तिने समितीला लिहिलेली ओळ: "फॉर्ममध्ये आजाराचा रकाना नाही, म्हणून डाग दिसेल असा फोटो पाठवत आहे. हाच लावावा."

"त्या दिवशी त्यांना हा दाखवला," ती म्हणाली. "तर त्यांचा मामा म्हणतो, हा तुम्ही आत्ता काढला असेल. मॅडम, मी चौदा वर्षांची होते तेव्हापासून हे आहे. शाळेत लपवलं, कॉलेजात लपवलं, फुल शर्ट, स्कार्फ, सगळं. यंदा ठरवलं, पहिल्या फोटोतच दाखवायचं, ज्याला यायचं तो बघून येईल. आयुष्यात एकदा लपवलं नाही, तर तुम्ही लपवलंत."

मला मावशी म्हणाली असती तर उलट बोलता आलं असतं. मॅडमला काय उत्तर देणार?

"तुम्ही फोटो तपासता ना? आम्ही कंपनीत तपासतो तसं?"

"दर पन्नासावा."

"माझा नंबर अकराशे पन्नास आहे."

ही मीनाची पोरगी नव्हे. मीनाला पाढे येत नव्हते.

"नजरचूक झाली," मी म्हणाले.

"मला लग्नाचं काही नाही," ती उठत म्हणाली. "ते माझं मी बघेन. मला खोटी म्हटलंय, तेवढं मागे घ्यायला लावा. तेवढंच."

जाताना सावळीराम पहिल्यांदा बोलला. "बरी आहेस ना?" म्हणाला. एकोणतीस वर्षांनी माणूस दारात येतो आणि एवढंच विचारतो. मी "हो" म्हणाले आणि दार जरा जोरात लागलं. बिजागरी ढिली झालीय, सुताराला बोलवायला हवं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

नजरचूक नव्हती. नजर टाकलीच नव्हती, मग ती चुकेल कशी. वहीत तरी नीट लिहावं.

३० नोव्हेंबर, रविवार

पुन्हा बैठक. मी दोन्ही फोटो घेऊन गेले. अण्णांनी दोन्ही बघितले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जी भीती आली तिचा तेजलशी काही संबंध नव्हता.

"म्हणजे सगळ्यांचेच असे झालेत?"

"सगळ्यांचे. ठराव तुमचा होता."

"ठरावात कोड पुसा असं नव्हतं."

"चेहऱ्याचं ताईंनी बघावं असं होतं. उजळ करा असं होतं."

रविराजने मिनिटबुक चाळलं. "उजळ करा हे मिनिट्समध्ये नाहीये," म्हणाला. बँकेतली माणसं काय लिहायचं नाही ते नेमकं लिहितात.

तोडगा असा निघाला: मुलीच्या बाजूने "गैरसमज झाला, क्षमस्व" अशी दोन ओळींची चिठ्ठी द्यावी, समिती मोठ्या मनाने विषय मिटवेल. आणि मूळ फोटोंचा तो एकतीस जीबीचा फोल्डर ताईंनी काढून टाकावा.

"कशाला?" मी म्हणाले.

"जागा खातो ना उगीच."

"माझ्या घरातली जागा खातो. तुमच्या लॉन्सला धक्का नाही लागत."

"ताई, उद्या दोन हजार जणांनी जुना-नवा फोटो लावून बघितला तर तोंड कुठे दाखवायचं?"

"आहे की ॲपवर. उजळ केलेलं."

अण्णा उठले. "तुमचा स्वभाव असा आहे ना, ताई," म्हणाले, "म्हणूनच—"

पुढचं बोलले नाहीत. सातही जणांना ते पूर्ण ऐकू आलं. मला तर पाठ आहे.

२ डिसेंबर, मंगळवार

आज सिन्नरला गेले. एसटीने. वाटेत ठरवलं होतं, शांतपणे बोलायचं. अमितचा ॲपवरचा फोटो मी बघून ठेवला होता, मागे गुलाबी बंगला. रस्त्यावर गुलाबी बंगला दिसला म्हणून तिथेच गेट उघडलं, तर आतून एक म्हातारा ओरडला, "ते समोर राहतात! हे चौथे पाव्हणे चुकले!"

समोर पत्र्याचं घर. अक्काबाई दारातच उभ्या.

"तुमचा बंगला?" मी विचारलं. शांतपणा तिथेच संपला.

"समोरच्यायचा. तिथं उजेड चांगला येतो," त्या म्हणाल्या. "तुमी कोण?"

मी कोण ते सांगितलं. लॅपटॉप उघडला, तेजलचे दोन्ही फोटो दाखवले, पाठवल्याची तारीख दाखवली, तिने लिहिलेली ओळ वाचून दाखवली. आणि म्हटलं, "फोटो मी बिघडवला. तपासायला समोर आला होता, तरी उघडला नाही. तिच्या आईचा मला राग होता. पोरीचा काही दोष नाही."

हे मी कुठल्याही माणसासमोर पहिल्यांदाच बोलत होते, आणि बोलले ती बाई माझ्या ओळखीचीही नव्हती. सोपं गेलं.

"म्हंजे तुमच्या भांडणापायी आमचं जीपभर गणगोत हलवलं?" अक्काबाई म्हणाल्या. "आन तुमाला सवताला पोरंबाळं?"

"लग्न नाही झालं."

"मंग बरोबर हाय. दुसऱ्याच्या लग्नात माती कालवायला लय टाइम मिळत आसंल."

अमित शिफ्टवरून नुकताच आला होता, मागे उभा राहून ऐकत होता. "माझा मूळ फोटो पण आहे का तुमच्याकडे?" म्हणाला.

काढला. दोन्ही शेजारी लावले. मूळ फोटोत कपाळावर टाक्यांची खूण, केसांपासून भुवईपर्यंत, चांगली दोन बोटं. नव्यात कपाळ काचेसारखं साफ. गुलाबी बंगल्याची मात्र वीट अन् वीट दिसत होती.

"आई, माझी खूण कुठंय?"

अक्काबाई पुढे झाल्या. पोराच्या कपाळाकडे बघितलं, स्क्रीनकडे बघितलं, पुन्हा कपाळाकडे बघितलं. हीच मान त्यांनी मखमलाबादला वळवली असणार.

"मला तं दिसलंच नाय," त्या म्हणाल्या. "मी रोज त्यालाच बघते, फोटू कोण बघतंय."

"त्यांनी पण म्हणायचं का मग," अमित म्हणाला, "की आपण लपवलं?"

"तू गप. तुजी खूण हाय, तिचं कोड हाय. दोन्ही सारखं कसं?"

म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या. चहा मिळाला. दूध नव्हतं त्यात, आणि ते घरात होतं.

४ डिसेंबर, गुरुवार

तेजलला फोन करून विचारलं, दोन्ही फोटो ग्रुपवर टाकू का. "टाका," म्हणाली आणि फोन ठेवला.

सकाळी अकराला एकाच पानावर शेजारी-शेजारी लावून टाकले. फोटो म्हणून टाकले तर व्हॉट्सॲप पुन्हा दाबून चेंदामेंदा करतं, म्हणून डॉक्युमेंट म्हणून टाकले. खाली लिहिलं: "डावा फोटो मुलीने ऑक्टोबरमध्ये समितीला पाठवला. उजवा आम्ही केला. मागचा देखावा स्पष्ट राहावा म्हणून समितीच्या ठरावाने सर्वांचे चेहरे पुसले व उजळ केले आहेत. हा फोटो तपासायचा मी टाळला. मुलगी खरी आहे. खोटा फोटो आमचा आहे. प्रतिभा."

चार मिनिटांत मला ग्रुपमधून काढलं. आठव्या मिनिटाला पहिला फोन आला. निफाडचे एक गृहस्थ. वाटलं, शिव्या देतील.

"मॅडम, आमच्या पोराची मागची गाडी अजून थोडी स्पष्ट करता येईल का? चेहऱ्याचं काही नाही."

दुपारपर्यंत एकोणीस फोन. पाच जणांनी शिव्या दिल्या. तिघांनी पोस्टचा विषयच काढला नाही. उरलेल्या अकरा जणांनी विचारलं, आमच्या मुलीलाही डाग आहे, तुमच्याकडे पाठवला तर जाईल ना?

मी प्रत्येकाला काय म्हणाले ते वहीतही लिहिण्यासारखं नाही.

७ डिसेंबर, रविवार

रविराजने स्वतःहून एक आवाजी मेसेज पुढे पाठवला. ग्रुपवर सकाळी आलाय. अक्काबाई. मागे कुकरची शिट्टी.

"मी अक्काबाई बोलते, सिन्नरवरून. त्या मखमलाबादच्या पोरीला मी खोटी म्हणले व्हते. ती खोटी नाय. तिनं समदं दाखवलं व्हतं. खोटा फोटू कमिटीचा हाय. आमच्या पोराचा बी फोटू खोटा हाय, आन तो बंगला समोरच्यायचा हाय, कोणी तिकडं जाऊ नका, म्हातारं वरडतं. सोयरीक आमाला जमत नाय, ती येगळी गोष्ट. पर खोटी म्हणले ते माझं चुकलं. आता फोन करून कोणी डोकं खाऊ नका."

यावर हात जोडणारे चौघे.

तेजलला पाठवला. तासाभराने उत्तर आलं: "ऐकला. त्याची खूण मला दिसली होती त्या दिवशी. मी काही बोलले नाही."

आणि थोड्या वेळाने: "मंगळवारी सुट्टी आहे. घरी असाल का?"

९ डिसेंबर, मंगळवार

मी ग्रुपमधून गेले, समितीतून गेले, पण ॲपमध्ये फोटो चढवायचा पासवर्ड अजून माझ्याकडेच आहे. समितीत तो कुणाला टाइप करता येत नाही. परवा ॲपवरूनच सगळ्यांना कळवलं होतं: ज्यांना मूळ चेहरा हवा असेल त्यांनी सांगा, बदलून देते. दोन हजार एकशे चाळिसांतून आजवर नऊ जण. त्यात अमित, आणि ती आधार कार्डवाली.

तेजल अकराला आली. पाणी नको म्हणाली. खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसली, माणसाशेजारी बसतात तशी नाही, मशीनशेजारी बसतात तशी.

"काढून टाकायचाय का?" मी विचारलं.

"काढू कशाला? परत करा. पन्नास केबीतच. आणि मी बघणार आहे."

तिच्यासमोर मूळ फोटो उघडला. चेहऱ्याला हात लावला नाही. उजळपणा तिथेच ठेवला. मागचे गुलाब पुसट करत गेले, आधी लांबचे, मग जवळचे. एकशेचार केबी होते ते ब्याऐंशी झाले, मग एकाहत्तर. पानं महाग असतात. ती बोट स्क्रीनवर ठेवून डागाच्या कडा तपासत होती. "हा ठिपका गेला," म्हणाली. गेला नव्हता, पण मी मागे जाऊन दाखवला. "ठीक," म्हणाली. मीही असंच "ठीक" म्हणाले होते, पण तिने बघून म्हटलं.

साठावर अडलं. कुठे जागा जातेय ते कळेना. मोठं करून बघत गेले, आणि वाफ्याच्या टोकाला, झाडांच्या मागे, वाकून जुड्या बांधणारा एक माणूस सापडला. इतके दिवस मी फोटो चेहऱ्यासाठीच बघत होते. पांढरा शर्ट, चौकडीचं उपरणं, हातात सुतळी. उपरण्याच्या चौकड्यांनीच सगळी जागा धरून ठेवली होती.

"पप्पा आहेत," तेजल म्हणाली. "फोटोच्या वेळी बाजूला व्हा म्हटलं होतं. झाले नाहीत."

"ठेवायचे असतील तर तुझ्या हनुवटीवरचं थोडं सोडावं लागेल. दोन्ही मावत नाही."

तिने माझ्याकडे बघितलं. मीनाने काही सांगितलंय की नाही, मला कळलं नाही.

"त्यांना घालवा," म्हणाली.

मी घालवलं. उपरणं गेलं, मग सुतळी, मग हात. एका माणसामागे अकरा केबी सुटले.

एकोणपन्नास. चढवला. तिने तिच्या मैत्रिणीच्या भावाला फोन लावून त्याच्या ॲपमध्ये बघायला सांगितलं, त्याने स्क्रीनशॉट पाठवला, तो तिने दोन बोटांनी मोठा करून तपासला आणि उठली. दारात म्हणाली, "बिजागरी ढिली झालीय तुमची." आणि गेली.

फोटो अजून समोर उघडा आहे. कोडाचा एकही ठिपका गेलेला नाही. मागे कुणीतरी वाकलेलं आहे आणि त्याचा शर्ट पांढरा आहे, एवढंच आता कळतं.